तिकीट १०० चे, सामना २७६ चा

चौघांच्या कुटुंबाने स्टेडियममध्ये जाऊन फुटबॉलचा सामना पाहायचा असेल, तर तिकिटांच्या किमतीवरून खर्चाचा अंदाज बांधू नये. हे मला कोणी वेळेवर सांगितले असते, तर रात्री अकरा वाजून गेल्यावर झोपलेल्या सहा वर्षांच्या मुलीला खांद्यावर टाकून टॅक्सीवाल्याशी भाड्याची घासाघीस करत मी रस्त्यावर उभी राहिले नसते. चलन ज्याचे त्याचे वेगळे असणार, म्हणून हिशेब असा मांडते: चार तिकिटांची मिळून छापील किंमत १०० धरली, तर घरी पोहोचेपर्यंत आमचे २७६ गेले. त्यांपैकी सव्वाशे तरी वाचवता आले असते आणि त्यातला मोठा वाटा एका सॅकने खाल्ला.

सॅक साधीच होती, शाळकरी मुले नेतात तेवढी. तीत चौघांचे स्वेटर, पाण्याच्या दोन बाटल्या, घरून नेलेला खाऊ आणि मुलीसाठी कान झाकायचा हेडफोन होता. प्रवेशद्वारावर चाळीस मिनिटे रांगेत उभे राहिल्यावर सुरक्षा कर्मचाऱ्याने सॅकशेजारी एक पुठ्ठा धरला आणि मान हलवली. ए-४ कागदाच्या आकारापेक्षा मोठी बॅग आत जाणार नव्हती. नियमावर माझा राग नाही. १३ नोव्हेंबर २०१५ रोजी पॅरिसमध्ये फ्रान्स-जर्मनी सामना चालू असताना स्टाद द फ्रान्सच्या बाहेर स्फोट झाले आणि त्यानंतर ठिकठिकाणच्या स्टेडियमांवर तपासणी कडक झाली, ती व्हायलाच हवी होती. राग याचा आहे, की तिकीट विकताना ठळक अक्षरांत ‘कुटुंबासह या’ असे सांगणाऱ्यांनी बॅगेच्या मापाची सूचना अटींच्या बाविसाव्या कलमात ठेवली होती.

बॅग ठेवायची सोय रस्त्यापलीकडच्या एका खाजगी टपरीत होती. तिथला दर वस्तूमागे होता, आणि सॅकला बांधलेली छत्री ही दुसरी वस्तू आहे असे आम्हाला ऐकवण्यात आले. बाटल्या ओतून टाकाव्या लागल्या. खाऊ सॅकमध्येच राहिला. एकूण ९ गेले, आणि मी त्या वेळी ‘नऊच तर आहेत’ असे म्हणाले, हे आता आठवले तरी स्वतःची कीव येते.

खरे बिल सामना संपल्यावर आले. टपरीतून बॅग देणारा माणूस एकच आणि टोकन घेऊन उभे असलेले शेकडो, त्यामुळे सॅक हाती यायला पन्नास मिनिटे लागली. शेवटची गाडी दहा मिनिटांपूर्वी सुटली होती. रिकाम्या हातांनी थेट स्टेशनवर गेलो असतो, तर फलाटावर वीस मिनिटे वाट पाहत बसलो असतो. सामन्याच्या रात्री टॅक्सीचे भाडे मागणीनुसार चढते, तसे ते चढले: ६१. परतीचे रेल्वे तिकीट आधीच काढलेले होते, ते वाया गेले ते निराळेच.

इथे माझीही एक चूक आहे, ती सांगते. आम्ही तिकिटे काढली तेव्हा सामना दुपारी तीनचा होता. पुढे प्रक्षेपणाच्या सोयीसाठी तो रात्री आठवर गेला. वेळ बदलली म्हणून पैसे परत मिळत नाहीत, हे अनेक ठिकाणच्या अटींत लिहिलेले असते. मी मात्र ४५ आणि ४५ मिनिटांचा खेळ व १५ मिनिटांचे मध्यांतर एवढाच हिशेब करून पावणेदहाला मोकळे होऊ असे गृहीत धरले. तो हिशेब आता चालत नाही. खेळाडूंच्या दुखापती, बदली खेळाडू आणि व्हिडिओ तपासणी यांत गेलेला वेळ भरून देण्याकडे पंच आता अधिक काटेकोरपणे पाहतात. २०२२ च्या विश्वचषकात इंग्लंड-इराण सामन्याच्या दोन्ही सत्रांत मिळून सुमारे २७ मिनिटांची भरपाई खेळवली गेली होती. आमच्याकडे १३ मिनिटांवर भागले, पण स्टँडच्या जिन्यातून खाली यायला आणखी बारा लागली. बाद फेरीचा सामना असेल, तर ३० मिनिटांचा जादा वेळ आणि पेनल्टी यांचीही तयारी ठेवावी आणि त्यानंतरही गाडी मिळणार नसेल, तर मुलांना घेऊन जाऊच नये.

तिकिटांबद्दल. ‘कुटुंब-तिकीट’ या नावाला भुलू नका. मुलांची सवलत फक्त एका ठरावीक कोपऱ्यातल्या खालच्या रांगांना होती, आणि खालच्या रांगा मुलांसाठी सर्वांत वाईट. मैदान साधारण १०५ मीटर लांब असते. कोपऱ्यातून पलीकडचा गोल म्हणजे ठिपक्यांची हालचाल, आणि अलीकडचे दृश्य जाहिरातींच्या फलकांनी व अंग गरम करणाऱ्या राखीव खेळाडूंनी अडवलेले. समोरचे लोक उठून उभे राहिले, की माझ्या मुलीला फक्त पाठी दिसत होत्या. वरच्या मजल्यावरची स्वस्त जागा घ्या, तिथून खेळाची रचनाही कळते. ‘सेवाशुल्क’ व्यवहारामागे नसून आसनामागे होते, म्हणजे एका क्लिकवर चार वेळा: १४. ते पैसे भरण्याच्या शेवटच्या पडद्यावरच उमटते. सर्व क्लब सारखेच असतात असे नाही. इंग्लंडच्या प्रीमियर लीगने २०१६-१७ पासून पाहुण्या संघाच्या समर्थकांसाठी तिकिटाची कमाल किंमत ३० पौंड ठरवली. २०१६ च्या फेब्रुवारीत लिव्हरपूलचे हजारो समर्थक प्रस्तावित ७७ पौंडांच्या तिकिटाविरोधात ७७ व्या मिनिटाला उठून निघून गेले होते आणि काही दिवसांतच क्लबने तो प्रस्ताव मागे घेतला. पूर्वी मला तो अतिरेक वाटला होता. आता वाटत नाही.

आतल्या खाण्यापिण्यावर ३८ गेले. खाऊ बाहेर अडकल्यावर दुसरे काय होणार? मध्यांतर १५ मिनिटांचे, रांग वीस मिनिटांची. माझे पती हातात चार पेले घेऊन परतले तेव्हा सामन्यातला पहिला गोल होऊन गेला होता. काही घ्यायचेच असेल, तर पस्तिसाव्या मिनिटाला उठावे. आणि शक्यतो पोटभर जेवूनच आत शिरावे.

संघाच्या रंगाचे गळपट्टे आणि अकरा वर्षांच्या मुलाची जर्सी यांचे ३० झाले. यात कोणी फसवले नाही, आम्हीच फसलो. घराबाहेर पाऊल टाकण्यापूर्वी मुलांशी रक्कम ठरवून टाकावी, कारण तिथे पोहोचल्यावर शेजारच्या प्रत्येक मुलाच्या गळ्यात काहीतरी असते. रेल्वेचे जाण्यायेण्याचे २४ धरले, की २७६ ची बेरीज पुरी होते.

सामना उत्तम झाला. आमच्या संघाने दोन गोल केले, मुलगा अजून त्यातल्या दुसऱ्याबद्दल बोलतो. जाताना गाडीतला प्रवासही मजेचा होता, त्याबद्दल सांगण्यासारखे काही नाही.

पुन्हा जायचे तर माझा हिशेब तयार आहे: तिकिटे १००, सेवाशुल्क १४ (ते सुटत नाही), रेल्वे २४, आणि बाहेरूनच खाऊन जाणे व आत फक्त पाणी यांसाठी १२. म्हणजे १५०. स्वेटर अंगात घालायचे, हेडफोन मुलीच्या गळ्यात अडकवायचा, बाकीचे खिशात मावेल तेवढेच. हाताला काहीही लटकता कामा नये. मुलांनी सॅकसाठी कितीही हट्ट केला तरी नाही.

पुढच्या महिन्यात एक सामना दुपारी दोनचा लागला आहे. त्याची तिकिटे अजून काढलेली नाहीत आणि प्रक्षेपणाचे वेळापत्रक पक्के झाल्याशिवाय काढणारही नाही.