साखळी पाटोद्यात तुटली

पाटोद्यातल्या एका मोबाइलच्या दुकानात फोन चार्जिंगला लावला. सुरू झाल्या झाल्या त्यातलं सवयी लावायचं अ‍ॅप म्हणालं, "तुमची ४१ दिवसांची साखळी तुटली आहे. आज पुन्हा शून्यापासून सुरुवात करा!" सोबत विझलेल्या ज्योतीचं चित्र. वारीच्या आदल्या मुक्कामी, रायमोह्यात, शाळेच्या एका बोर्डावर वीस-पंचवीस चार्जर लोंबत होते. माझी पाळी यायच्या आत लाईट गेली आणि फोन मेला. अ‍ॅपला त्याचं काय! त्याला एवढंच दिसत होतं, की ध्यान, पाणी आणि 'आजच्या तीन चांगल्या गोष्टी' या चौकोनांत बाईंनी काल खूण केलेली नाही.

मी पाटोद्याला चालत आलेच नव्हते, हे मात्र त्याला ठाऊक नव्हतं. बालाघाटची चढण लागायच्या आधीच मी दिंडीच्या सामानाच्या टेम्पोत चढले आणि वळकट्यांवर ओढणी तोंडावर घेऊन बसून राहिले. एकाच दिवसात दोन साखळ्या तुटल्या होत्या. लाज जिची वाटत होती, ती दुसरी.

मी जालन्यात एका व्यापाऱ्याकडे हिशेब लिहिते. वय ४३. गेली दोन वर्षं मी स्वतःला सुधारायच्या मागे लागले होते. पहाटे पाचचा गजर, कोमट पाणी, डायरी, आणि कानात एका माणसाचे व्हिडिओ. तो ओरडून ओरडून सांगायचा, ध्येय मोठं ठेवा. मी ठेवायची. जानेवारीत ठेवलेलं ध्येय फेब्रुवारीत जीएसटीच्या तारखांखाली गाडलं जायचं. मग पुन्हा गुढीपाडव्याला नवं.

'२१ दिवसांत कोणतीही सवय लागते' यावर माझा फार भरवसा होता. खोदून वाचलं तेव्हा कळलं, की तो आकडा मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनकडून आलेला. शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना निदान २१ दिवस लागतात, असं त्यानं १९६० मध्ये लिहिलं. त्यातला 'निदान' पुढं लोकांनी गाळला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि तिच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर अभ्यास केला, तेव्हा सरासरी निघाली ६६ दिवसांची. कुणाला १८ दिवस पुरतील, तर कुणाला २५४ लागतील. हे वाचून मी अ‍ॅपमधलं लक्ष्य ६६ करून टाकलं. हिशेबनिसाला आकडा बदलला की काम झाल्यासारखं वाटतं.

माझी आत्या पैठण तालुक्यात दिलेली. ती वर्षानुवर्षं संत एकनाथांच्या पालखीबरोबर चालते. २०२० आणि २०२१ मध्ये पायी वारी झाली नाही, पालख्या एसटीनं पंढरपूरला गेल्या, तेव्हाही ती रोज पहाटे अंगणात तुळशीभोवती फेऱ्या घालायची. किती, ते तिनं मोजलं नाही. पाय दुखेपर्यंत, म्हणाली. तिच्या तोंडात 'सवय' हा शब्द चहा-तंबाखूसाठी असतो. बाकी सगळ्याला ती नेम म्हणते. एकादशीचा नेम, हरिपाठाचा नेम, वारीचा नेम. लहानपणी मला हे कोडं वाटायचं, कारण कैरीवर दगड भिरकावतानाही आम्ही नेमच धरायचो.

"कामून एकलीच बसतीस पाहाटं त्या फोनसमोर?" ती म्हणाली. "यंदा चाल माझ्यासंगं. त्या फोनमधल्या बाबाचं ऐकतीस, तर नाथबाबाचं बी ऐकून बघ."

पालखी ज्येष्ठ वद्य सप्तमीला पैठणच्या नाथवाड्यातून निघते, पहिल्या मुक्कामाला चनकवाडीत टेकते आणि आषाढी दशमीला पंढरपुरात शिरते. अठरा-एकोणीस दिवस, अडीचशे किलोमीटरच्या वर. नाथांचे पणजोबा भानुदास. त्यांनी विजयनगराहून विठ्ठलाची मूर्ती परत आणली, असं परंपरा सांगते. म्हणून आमच्या दिंडीत गजर 'भानुदास-एकनाथ' असा चालतो, आणि 'ज्ञानोबा-तुकाराम' म्हणत शेजारून कुणी गेलं की आमच्या बायकांचा आवाज मुद्दाम एक पट्टी वर जातो.

आळंदी-देहूच्या सोहळ्यांसारखा सरंजाम इकडं नाही. टीव्हीचे कॅमेरे तुरळक, पाण्याचे टँकर मोजके. बायका तीन वाजता अंधारात का उठतात, याचं अर्धं उत्तर भक्ती आहे आणि अर्धं आडोसा. उजाडलं की कुठं जायचं? हे कुणी कीर्तनात सांगत नाही, म्हणून लिहून ठेवते.

मृग कोरडा चालला होता. वाटेत भेटणारा प्रत्येक जण 'राम कृष्ण हरी'नंतर पहिलं विचारायचा, "तिकडं पडला का?" कुणी सरकी लावून बसलेलं, कुणी सोयाबीनची पिशवी फोडावी की नाही या घोरात. पुढच्या मुक्कामापर्यंत कोणत्या शिवारात किती ओल आहे, याची बातमी दिंडीबरोबर चालायची.

आमची चौघींची ओळ. आत्या, मी, अंबडच्या एक काकू आणि शिरूर कासारकडची एक ताई. काकू हरिपाठाच्या अभंगांचा क्रम चुकवायच्या आणि चूक आमच्यावर ढकलायच्या. ताई माझ्याहून सहा-सात वर्षांनी लहान, नवरा-बायको मिळून एक कोयता, दर साली ऊसतोडीला जाणारी. ती गजर न लावता अडीचला उठून बसायची. मी दोन वर्षं ज्यासाठी धडपडत होते, ते हिला जमतं कसं, म्हणून तिसऱ्या दिवशी विचारलंच.

"फडावर मुकादमाची हाळी येती ना," ती म्हणाली. "उचल घेतल्याली असती. ताप असू दे नाय तर काय असू दे, उठावंच लागतंय. सा-सा महिने. मंग अंगालाच ठाव होती येळ." तिनं वेणी घालून संपवली. "पर हितं कुणी हाळी देत नाय. हितं माझी मीच उठती. लई ग्वाड वाटतं बगा."

त्या व्हिडिओवाल्या माणसाला हे कधी सुचलं असतं, असं मला वाटत नाही.

सगळ्यात जास्त मी विणेकऱ्यांकडं बघत राहायची. विणा जमिनीवर टेकवायची नाही, हा दिंडीचा दंडक. वाटेत, मुक्कामी, रात्री सगळे घोरत असताना सुद्धा ती कुणाच्या तरी गळ्यात असते आणि तिच्या तारा हळू वाजत असतात. पाळी संपली की दुसरा येतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात, पट्टा या गळ्यातून त्या गळ्यात जातो. आमचे विणेकरी बाबा सत्तरीच्या पुढचे. म्हटलं, "बाबा, दमत नाही का?" ते म्हणाले, "दमतो की." आणि मागं चालणाऱ्या पोरसवदा गड्याकडं बोट केलं, "दमलो की हा येतो."

तर पाटोदा. दुपारी दुकानातून परत येऊन मुक्कामाच्या जागी एका भिंतीला टेकून बसले. टाचेवरचा फोड हे कारण खरं होतं, पण तेवढंच नव्हतं. पहाटे उठल्यावर एकदम वाटलं होतं, कशासाठी? ऑफिसात कामाचा ढीग साचलाय, मुलाची बारावी, आणि मी इथं टाळ वाजवत चाललेय. घरी असले की त्याला 'आज मोटिव्हेशन नाही' म्हणते आणि अंथरुणात पडून राहते. इथं टेम्पो होता.

चारच्या सुमाराला पताका दिसल्या. मी उठून उभी राहिले, शाळेत गृहपाठ न आणलेल्या मुलीसारखी. आत्यानं फक्त पायाकडं बघितलं. काकूंनी पाण्याची बाटली मागितली. आणि ताई धापा टाकत म्हणाली, "तुमची जागा मोकळीच ठिवली व्हती. मागल्या वळीतली एक बाई शिरायली व्हती मधी. म्हणलं, न्हाई बाई, तितं आमची एक जण हाय."

त्या अख्ख्या घाटात तिघी जणी चौघींच्या ओळीनं चालल्या होत्या.

रात्री आत्यानं सुई कंदिलावर धरली, दोरा ओवला आणि फोडातून आरपार काढून दोरा तसाच आत ठेवला, पाणी निथळत राहावं म्हणून. डॉक्टर नाक मुरडतील, पण वारीत निम्म्या पायांतून असे दोरे लोंबतात. ते करता करता तिनं नाथांची गोष्ट काढली. नाथ गंगेवरून, म्हणजे गोदावरीवरून, अंघोळ करून यायचे आणि वाटेत एक माणूस त्यांच्यावर थुंकायचा. ते पुन्हा अंघोळीला परत. असं १०८ वेळा. ही गोष्ट महाराष्ट्रात पोरासोरांना पाठ आहे आणि सगळे तिच्यातून नाथांची शांती सांगतात.

"शांतीचं हाय ते हायच," आत्या म्हणाली. "पण मला इचारशील तर, एकशेसात वेळा अंघोळ मोडली त्यांची. माणूस म्हणला असता, जाऊ दे आता, उद्या बघू. सरळ उभी ऱ्हा, बघू टेकतो का पाय."

टेकला. दुखलाही. मला तेव्हा लॅलीच्या अभ्यासातलीच एक गोष्ट आठवली, जी वाचून मी पुढं सरकले होते: एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यात फारसा फरक पडत नाही, असं त्यांना दिसलं होतं. साधं वाक्य. पण माझ्या अ‍ॅपला ते मान्य नाही. त्याच्याकडं एक तर ज्योत पेटलेली, नाही तर शून्य. मोकळी ठेवलेली जागा दाखवायचं चिन्ह त्यात नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी चालले. दिघोळ, खर्डा, अनाळा, परंडा. परंड्याच्या अलीकडं एकदाचा पाऊस आला आणि शेवटची पिशवी न फोडलेले शेतकरी रस्त्यावर येऊन आमच्याच पाया पडायला लागले, जणू तो आम्हीच पाठीवर आणला होता. पिठलं-भाकरी इतक्या ठिकाणी झाली की काकूंनी चवीवरून गावांना नंबर द्यायला सुरुवात केली. पंगतीत ढकलाढकली, टाकलेल्या पत्रावळी, जागेवरून भांडणं, सगळं होतं. वारीत माणसं देव होतात वगैरे मी काही बघितलं नाही. माणसंच होती, फक्त रोज त्याच वेळेला त्याच जागेवर यायची.

अरणला सावता माळ्यांची समाधी. तिथं मी जरा जास्त वेळ थांबले. हा संत आपला मळा सोडून पंढरीला गेला नाही, म्हणतात. कांदा, मुळा, भाजी हेच त्याचं देवाचं काम. आजही आषाढ वद्य चतुर्दशीच्या त्यांच्या पुण्यतिथीला पंढरपुराहून पांडुरंगाची पालखी अरणला येते, देवच भक्ताकडं. अठरा-एकोणीस दिवस चालणाऱ्यांच्या वाटेवर न चाललेल्याची समाधी आहे आणि सगळे तिच्यापुढं वाकतात, याची मला गंमत वाटली. ऑफिसातला तो ढीग डोळ्यांपुढं आला. गुरू जनार्दनस्वामींकडं देवगिरीवर असताना नाथ हिशेबातला एका पैचा घोळ शोधत रात्रभर दिव्यापाशी बसले होते, तेही आठवलं. आपल्याच धंद्यातला माणूस.

पंढरपूरचं काय लिहू? चंद्रभागेत गुडघाभर पाण्यात उभं राहिलो, दर्शनाची रांग बघितली आणि आत्यानं कळसाला हात जोडून विषय संपवला. "भेटलो की. आता एवढा वेळ उभं राहून त्याला बी दमवायचं?" चौघी एकमेकींच्या पाया पडलो. ताई रडली नाही, मी रडले.

निघताना ताईनंच ठरवलं: रोज संध्याकाळी सातला, हरिपाठ सुरू करायच्या आधी, ओळीतल्या शेजारणीला एक मिस कॉल द्यायचा. उचलायचा नाही, पैसे जातात. (पैसे आता जात नाहीत, हे मी तिला सांगितलं नाही.) ती मला देणार, मी काकूंना, काकू आत्याला.

घरी आल्यावर साडेचारचं उठणं दसऱ्यापर्यंत टिकलं, मग पाचवर आलं, मग साडेपाचवर. माळ घेतलेली नाही. व्हिडिओ बंद झाले, ठरवून नव्हे, वेळ मिळेना म्हणून. अ‍ॅप मात्र ठेवलंय, पाणी प्यायची आठवण बरी असते. हरिपाठ चालू आहे. सातला फोन एकदा वाजून बंद होतो, मी काकूंचा नंबर लावते, एक रिंग देते, टाळ घेते. मुलगा सुरुवातीला हसायचा. आता मी स्वयंपाकघरात असले तर "आई, तुझा आला," म्हणून ओरडतो.

दिवाळीनंतर ताईची टोळी कोल्हापूरकडं गेली. तिकडूनही मिस कॉल यायचा, कधी सातला, कधी सव्वासातला. परवा साडेसात झाले तरी फोन गप्प. काकूंनी मला दोनदा उलट रिंग दिली, काय झालं म्हणून. मी टाळ खाली ठेवले आणि ठरल्याच्या विरुद्ध ताईला पूर्ण फोन लावला. बऱ्याच वेळानं उचलला. मागं ट्रॅक्टरचा आवाज, कुणीतरी कुणाला शिव्या घालत होतं.

"गाडी भरायलोत बाई, डोक्यावर मोळी हाय," ती म्हणाली. "तुम्ही धरा सुरुवात. मी हितूनच म्हणती."