कंपाउंडपलीकडून चौकशी
आज पहिली पॉपी उमलली. खाली मान घातलेली केसाळ कळी काल संध्याकाळी ताठ झाली होती. सकाळी हिरवी टोपणं गळाली अन् आतून चुरगळलेल्या रेशमासारख्या लाल पाकळ्या निघाल्या. लगेच शेजारच्या काकू कंपाउंडवरून, "काय वं माय, अफू लायी का?" म्हटलं काकू, अफूला सरकारी परवाना लागतो, ही शोभेची शर्ली पॉपी. पटलं नाहीच त्यांना!

बी इतकं बारीक की फुंकरीनं उडेल. दिवाळीनंतर वाळूत मिसळून जागेवरच फेकलं, वर माती लोटली नाही. रोप हलवलं तर सोटमूळ दुखावतं, म्हणून दाट उगवलेली जास्तीची रोपं उपटून विरळणीच करावी लागते, अन् ती जिवावर येते. मार्चात जळगावचं ऊन तापायच्या आत फुलतील तेवढी आपली. बी कोणाला हवंय? बोंडं वाळली की देते.