आईचं "बरं आहे" आणि ते ॲप

आईची केमो सुरू झाली तेव्हा मी तिच्या फोनमध्ये लक्षणं लिहायचं ॲप टाकून दिलं, तर म्हणे आता उलट्यांचाही हिशोब ठेवू का. पण डॉक्टरांसमोर बसली की ही हमखास "बरं आहे" म्हणणार, आणि बोटांना मुंग्या येतात, ब्लाउजचे हुक लागत नाहीत हे आम्हाला कळलं ते ॲपमधल्या नोंदींवरून, मग डॉक्टरांनी डोस कमी केला.

अमेरिकेत पसरलेल्या कॅन्सरच्या ७६६ पेशंटवर अभ्यास झालाय, २०१७ मध्ये छापून आला. लक्षणं ऑनलाइन कळवणाऱ्यांचं मिडियन आयुष्य (म्हणजे निम्मे पेशंट ज्याहून जास्त जगले तो काळ) ३१.२ महिने, बाकीच्यांचं २६. मात्र तिथे त्रास वाढला की नर्सला ईमेल जायचा, नुसतं ॲप नव्हतं हां.

आमच्या ॲपमागे कोणीच नव्हतं. एका रात्री ताप १००.४, आईने इमानदारीत आकडा टाकला, स्क्रीनवर "नोंद झाली" आलं आणि ती झोपायला निघाली! केमोत पांढऱ्या पेशी कमी असताना एवढा ताप म्हणजे लगेच हॉस्पिटल. आता हॉस्पिटलचा इमर्जन्सी नंबर मी तिच्या होम स्क्रीनवर, ॲपच्याही वर ठेवलाय.