आयोनाच्या वाटेवरचं साधं चर्च

स्कॉटलंडच्या मल बेटाच्या टोकाला फिओनफोर्ट आहे. तिथून फेरीबोटीनं दहाएक मिनिटांत आयोना. पाहुण्यांच्या गाड्यांना बेटावर बंदी, त्यामुळे हौशी असो की भाविक, चालणं सगळ्यांच्याच नशिबी. ५६३ मध्ये संत कोलंबा आयर्लंडहून इथे आला. त्याच्या नावानं आजही पायी यात्रा निघते.

ॲबी म्हणजे बेटावरचा जुना मठ. त्याच्यासमोरच्या सेंट मार्टिनच्या क्रुसापाशी आम्ही जमलो. टाळ नाही, मृदंग नाही. थांब्याथांब्यावर प्रार्थना, आणि मधली बरीच वाट चक्क मुक्यानं! मला ते जड गेलं. मनातल्या मनात ज्ञानोबा-तुकाराम चालूच ठेवलं.

रस्त्यात मॅक्लीनच्या क्रुसाजवळ एक बुटकं, साधं चर्च आहे. बहुतेक जण पुढे सरकले, मी रेंगाळले. हे १८२८ चं, थॉमस टेलफर्डच्या नकाशाबरहुकूम. टेलफर्ड म्हणजे पूल आणि कालवे बांधणारा इंजिनिअर! हायलँड्स आणि बेटांवरच्या आडगावांत चर्च उभारायला संसदेनं पैसे दिले, पण चर्च आणि मिनिस्टरचं, म्हणजे तिथल्या धर्मगुरूचं, घर मिळून १५०० पौंडांच्या आत बसवायचं, ही अट. थोड्याफार फरकानं अशी ३२ चर्च उभी राहिली. कोलंबाच्या बेटालाही वेगळी वागणूक नाही, हे मला फार आवडलं. तेव्हा ॲबीला छप्परही नव्हतं; ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चढलं. तोवर गेलिक बोलणारे शेतकरी-कोळी प्रार्थनेला यायचे ते इथेच.

शेजारच्या मिनिस्टरच्या घरात आता बेटाचं संग्रहालय आहे. १८४३ मध्ये चर्च ऑफ स्कॉटलंड फुटलं. मिनिस्टर कोणी नेमायचा, जमीनदारानं की चर्चला येणाऱ्या मंडळीनं, हे भांडणाचं मूळ. फुटून निघालेल्या फ्री चर्चच्या मिनिस्टरसाठी इथे वेगळं घर बांधलं गेलं. आज ते सेंट कोलंबा हॉटेल आहे. मुंबईच्या विल्सन कॉलेजचे जॉन विल्सनही त्याच फाटाफुटीत फ्री चर्चकडे गेले होते.

पुढे दलदल तुडवत कोलंबाच्या किनाऱ्यावर पोचलो. बूट ओलेचिंब. तिथले गुळगुळीत, रंगीबेरंगी गोटे सगळे वेचत होते. शेवटचा चढ डून-ई टेकडीचा, जेमतेम १०१ मीटरचा, पण वारा अंगावर येतो. वर गेल्यावर सगळ्यांचे कॅमेरे ॲबीकडे वळले. मी त्या चर्चचं छप्पर शोधत होते.