एकशे आठ ऋतू

जेवून आडवा झालो होतो. १४ एप्रिल २०२३, आंबेडकर जयंतीची सुट्टी. मठ्ठा जरा जास्तच झाला होता. पंख्याखाली डोळा लागणार तेवढ्यात फोन थरथरला. पुन्हा थरथरला. मग थांबेचना. आमच्या कॉलेजच्या कट्ट्यावरची चार माणसं, एरवी वाढदिवसाला केकचं चित्र पाठवण्यापुरती जिवंत असलेली, एकदम तावातावाने भांडायला लागली होती. मेटॅलिका या अमेरिकन हेवी मेटल बँडचा नवा अल्बम आला होता.

बँकेतला म्हणाला, सगळं जुनंच उगाळलंय. नाशिकला गेलेला म्हणाला, जुन्यातलं काहीच उरलं नाही. दोघांनी एकच अल्बम ऐकला होता. तिसऱ्याची तक्रार लांबीबद्दल होती. सत्याहत्तर मिनिटं म्हणजे हिंजवडीहून घरी येईपर्यंत संपायचा नाही, म्हणाला. हिंजवडीचा अनुभव बघता संपून वर पुन्हा सुरू झाला असता. चौथ्याने फक्त ‘चांगलाय, पण’ एवढंच लिहिलं आणि गेला. त्याला आम्ही खरा पुणेकर मानतो.

हा ‘पण’ मी लहानपणापासून ओळखतो. भीमसेन जोशींनी १९५३ साली सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव तेव्हा रमणबागेच्या मैदानावर रात्र-रात्र चालायचा. आजोबा शाल, थर्मास आणि बसायची सतरंजी घेऊन जायचे ते उजाडल्यावर परत यायचे. आजी दूध तापवत असायची. ती विचारायची, कसं झालं? आजोबा टोपी खुंटीला लावत म्हणायचे, “गायला बरा. पण.” एवढंच. आजी पुढचं विचारत नसे. त्या ‘पण’मध्ये वीस वर्षांपूर्वीची एखादी भैरवी असायची, तेव्हाची थंडी असायची आणि तेव्हाचे त्यांचे गुडघेही असणार. पुढच्या वर्षी तिकिटाच्या रांगेत पहिले तेच.

मी बारावीत गेलो त्या जूनमध्ये, म्हणजे १९९६ साली, मेटॅलिकाचा ‘लोड’ हा अल्बम आला. काळ्या कव्हरचा आधीचा अल्बम १९९१ चा. मधली पाच वर्षं आम्ही जुन्या कॅसेटी झिजवत काढली होती. १९८८ चा अल्बम पहिल्यांदा लावला तेव्हा त्यात बेस गिटार ऐकूच येईना. टेपचं हेड खराब झालंय असं समजून आम्ही काडीला कापूस गुंडाळून, स्पिरिट लावून ते तीनदा पुसलं. मित्राच्या वडिलांनी स्पिरिटची बाटली लपवून ठेवली. पुष्कळ वर्षांनी कळलं की त्या अल्बममध्ये बेस जगात कुणालाच ऐकू येत नाही, तो मिक्सिंगमध्येच दाबलाय.

तर ‘लोड’. मित्राच्या मोठ्या भावाने सीडी आणली. गाणी ऐकायच्या आधीच आतले फोटो पाहून कट्ट्यावर सुतक पडलं. चौघांनीही केस कापले होते! आमच्यातल्या एकाने दोन वर्षं केस वाढवले होते. त्यापायी तो वडिलांशी बोलत नव्हता, ताट खोलीत नेऊन जेवत होता. तो बराच वेळ फोटोकडे बघत बसला आणि मग म्हणाला, “एक पोस्टकार्ड तरी टाकायचं यांनी.” आईने मात्र चहा ठेवता ठेवता तो फोटो पाहिला आणि म्हणाली, “आता कशी माणसांत आली पोरं!” त्या अल्बमचं आमच्या घरी झालेलं हे एकमेव स्वागत.

मी तो नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर भरून घेतला. चौदा गाणी, एकोणऐंशी मिनिटं, म्हणजे बसायला हवा. बसलाही. फक्त आठवं गाणं संपता संपता पंचेचाळीस मिनिटं भरत होती आणि मी सीडीचं बटण दाबायला किंचित उशीर केला होता. त्यामुळे ए बाजूला आठव्या गाण्याचं शेपूट तुटलं आणि तिथे ‘खट्’ आला. कोरी कॅसेट खाऊच्या पैशांतून घेतलेली. नावडून चालणारच नव्हतं. मी तेव्हा एक नियम केला, तो अजून पाळतो: तीनदा ऐकल्याशिवाय अल्बमला नावं ठेवायची नाहीत. पहिल्यांदा राग येतो, दुसऱ्यांदा रागाचा कंटाळा येतो, तिसऱ्यांदा जरा ऐकू येतं.

नियमाची खरी परीक्षा २००३ मध्ये झाली. त्या वर्षीच्या अल्बममध्ये गिटारचा सोलो औषधालाही नाही आणि ड्रमवाल्याने स्नेअर नावाच्या ड्रमखालच्या तारा सोडून ठेवलेल्या. नुसता टण्ण टण्ण आवाज. आजोबा तेव्हा ऐंशीच्या पुढे होते आणि ऐकू कमी येतं अशी त्यांची ख्याती होती. दाराशी येऊन म्हणाले, “शाई उडालीय रे त्याच्या तबल्याची.” याहून नेमकं परीक्षण मी आजतागायत वाचलेलं नाही. तीनदा ऐकला. आजोबांचं बरोबर होतं.

नव्या अल्बमचं नाव ‘७२ सीझन्स’. कव्हर हळदीसारखं पिवळंजर्द, त्यावर लहान मुलाचा जळून काळा झालेला पाळणा. नावाचा हिशेब असा की आयुष्याची पहिली अठरा वर्षं म्हणजे वर्षाला चार याप्रमाणे बहात्तर ऋतू. त्यात माणूस काय तो घडतो किंवा बिघडतो. हा हिशेब तिकडचा. पंचांगाप्रमाणे आपले सहा ऋतू, म्हणजे अठरा वर्षांचे होतात एकशे आठ. जपमाळेचे मणी! मी उठूनच बसलो. मग वाटलं, पुण्यात खरं म्हणजे तीनच ऋतू कळतात, म्हणजे चोपन्न. आणि गेल्या काही वर्षांतला पाऊस बघता तेही नीट सांगता यायचे नाहीत. पण एकशे आठ हा आकडा काही डोक्यातून जाईना. मी हे कट्ट्यावर पाठवलं. नाशिककराने हात जोडलेलं चित्र टाकलं आणि भांडण पुढे चालू झालं.

पुतण्या शेजारी हेडफोन लावून तोच अल्बम ऐकत होता. त्याला ही मंडळी २०२२ मध्ये एका परदेशी मालिकेतून भेटली, १९८६ च्या गाण्यातून. त्याच्या लेखी सगळेच अल्बम एका दिवशी आलेले. त्याने हेडफोन काढून फोनमधली हाणामारी वाचली आणि विचारलं, “काका, तुम्हाला नक्की काय हवंय त्यांच्याकडून?”

मी म्हटलं, पंखा एकने वाढव.

नवा अल्बम ऐकायला घेतला आणि हात आपोआप ‘लोड’कडे गेला. आठवं गाणं लावलं. ‘खट्’ जिथे यायला हवा तिथे मी चक्क श्वास रोखून धरला. तो आला नाही. गाणं आणखी काही सेकंद चाललं आणि संपलं. त्या शेपटीत विशेष काही नव्हतं.

संध्याकाळी दांडेकर पुलाकडून मिरवणूक आली. खिडकीची काच त्या २००३ च्या स्नेअरसारखी वाजायला लागली. नव्यातलं शेवटचं गाणं अकरा मिनिटांचं आहे, त्यांचं आजवरचं सगळ्यात लांब. दोनदा तिथपर्यंत पोचून झोप लागलीय. तिसरी खेप अजून व्हायची आहे.