रक्तच नाही म्हणे!

"यात रक्तच नाही, मग घाबरायचं कशाला?" हिचकॉकच्या 'सायको' सिनेमातला शॉवरखालच्या खुनाचा प्रसंग संपल्यावर शेजारी बसलेला पोरगा म्हणाला. ते वाक्य अजून डोक्यातून जात नाहीये.

अरे, रक्त आहे की! चॉकलेट सिरप आहे ते. १९६०चा कृष्णधवल सिनेमा, तिथे लाल रंगाचा उपयोग काय? दाट आणि गडद दिसलं की झालं.

पण खरी भीती आवाजात आहे. सुरा खुपसल्याचा आवाज खरबुजाच्या जातीचं फळ भोसकून काढलाय. संगीतात फक्त तंतुवाद्यं. जेमतेम पाऊण मिनिटाच्या हल्ल्यासाठी आठवडाभर शूटिंग!

रंगीत सिनेमात रक्तासाठी साखरेच्या सिरपमध्ये नुसता लाल रंग घातला तर सरबत दिसतं, थेंबभर निळाही लागतो. आणि तेच बादलीभर ओतलं की डोळे सरावतात.

आवाज बंद करून हाच प्रसंग पाहा बरं. किती भीती उरते?