सातवी नक्कल

आंबिया बहाराच्या ऐन हंगामात नागपूरच्या कळमना बाजारातल्या एका अडत्याचा फोन आला. त्यांच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर आमची टीम लिहिते. "भाऊ, छापलेल्या पट्टीवर एक आकडा अन् खात्यात दुसराच. शेतकऱ्याले काय सांगू?" पट्टी म्हणजे शेतकऱ्याला मिळणारा विक्रीचा हिशेब. फरक एका रुपयाचा. पण पट्टीतला एक रुपया चुकला की शेतकऱ्याला वजनाचीही शंका येते, आणि ती रास्तच असते.

कारण लगेच कळलं. हमाली १२.५० आणि तोलाई, म्हणजे वजन करण्याची मजुरी, ७.५०. दोन्ही आधी पूर्ण रुपयात राउंड केल्या तर १३ आणि ८, म्हणजे २१. बेरीज करून मग राउंड केलं तर २०. ही चूक आम्ही उन्हाळ्यातच दुरुस्त केली होती, पण एकाच फाइलमध्ये. तोच हिशेब आणखी कुठे कॉपी-पेस्ट झालाय, हे टीममध्ये कोणालाच ठाऊक नव्हतं.

नावाने सर्च करून भागेना, कारण प्रत्येकाने व्हेरिएबलला आपापलं नाव दिलेलं. मग पीएमडी या कोड तपासणाऱ्या टूलमधलं सीपीडी, म्हणजे कॉपी-पेस्ट शोधणारं साधन, चालवलं. ते कोडचे टोकन, म्हणजे शब्द-चिन्हांचे सुटे तुकडे, पाडतं आणि कार्प-रॅबिन पद्धतीने सलग टोकनांचे हॅश, म्हणजे त्यांच्यावरून काढलेले आकडे, जुळवतं, त्यामुळे मोकळ्या जागा किंवा कॉमेंट वेगळ्या असल्याने काही बिघडत नाही. किमान १०० टोकन ठेवले तेव्हा तीन जागा मिळाल्या. नावांकडे दुर्लक्ष करायला सांगून मर्यादा ५० वर आणली, तर गेटर-सेटर, म्हणजे एकाच साच्यातली छोटी फंक्शन्स, आणि आपोआप तयार झालेल्या कोडचा नुसता पूर आला. ते फोल्डर वगळले. उरल्या सहा जागा.

गंमत नाही, पण विचार करायला लावणारी गोष्ट ही की उन्हाळ्यात दुरुस्त केलेली जागा या यादीत नव्हतीच. दुरुस्तीमुळे ती बाकीच्यांपासून वेगळी झाली होती. तेव्हा लक्षात आलं की हुबेहूब नकला सापडणं सोपं. थोड्या बदललेल्या नकलांची भीती जास्त. म्हणून फक्त बिलिंगच्या फोल्डरवर मर्यादा ३० केली. एका फाइलमध्ये दोन छोटे तुकडे जुळले, मध्ये चार ओळींचं अंतर. कोणीतरी मधोमध वजनातली कटती, म्हणजे वजावट, घुसवली होती, त्याने सलग टोकन तुटले. ही सातवी. अभ्यासक याला तिसऱ्या प्रकारची नक्कल म्हणतात. चौथ्या प्रकारात काम तेच पण लिहिण्याची रीतच वेगळी. तिथे टोकन जुळवून काही हाती लागत नाही.

२००४ मध्ये इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी सीपी-मायनर हे टूल लिनक्सवर चालवलं, तेव्हा नक्कल करताना एखादं नाव बदलायचं राहून गेल्याच्या चुका निघाल्या होत्या. ते आठवून मी सातही नकला शेजारी-शेजारी उघडून ओळ न् ओळ वाचल्या. पाचवीत तोलाईच्या ओळीत हमालीचाच दर सापडला. अडत्याने त्याची तक्रार कधी केलीच नव्हती. मला त्या रात्री झोप लागली नाही.

कटती वजनाची, पैशाची नाही. ती आधी वेगळी काढली, तेव्हा सातही जागा एकाच फंक्शनमध्ये बसल्या. जुन्या पट्ट्या नव्या कोडमधून पुन्हा काढल्या. जिथे फरक आला ती प्रत्येक पट्टी अडत्याच्या मुनीमजींबरोबर बसून तपासली, आणि तोलाई जास्त कापलेल्या शेतकऱ्यांची यादी त्यांच्या हाती दिली.